बुश्टनचे सुपुत्र फादर थॉमस स्टीफन्स



'ख्रिस्तपुराण'कार फादर स्टीफन्स आपल्याला परिचित आहेत; पण ते कोणत्या धर्मग्रामातून आले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात एका कड्याच्या पायथ्याशी क्लिफ पायपार्ड हा छोटा धर्मग्राम आहे. त्यातील बुश्टन या वाडीत सुमारे १५४९ साली त्यांचा जन्म झाला. संत पेत्राच्या नावाचे तेथील जुने चर्च अजून उभे आहे. परंतु १५५९ साली राणी एलिझाबेथच्या राजवटीत लॅटिन मिस्सेवर बंदी आली. रविवारी नव्या उपासनेला न जाणाऱ्यांना दंड होऊ लागला. वाडवडिलांच्या प्रार्थना गावोगावच्या चर्चमधून नाहीशा झाल्या.

तरुणपणी स्टीफन्स व त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घेण्याचे ठरवले. पण पाउंड पकडले गेले. श्रद्धेपायी त्यांनी जवळजवळ ३० वर्षे तुरुंगवास भोगला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. बंदिवान मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी रदबदली केली आणि ती मान्य झाली.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले व २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. पुढची सुमारे ४० वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत सेवा केली. मायदेशी ते परतले नाहीत.

साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे पोर्तुगीज अमलाखाली त्यांच्या हातून गेली होती. वाचायला, गायला दुसरे काही नव्हते. त्यांची ही उणीव फादरांनी ओळखली. त्यांनी मराठीचा कसून अभ्यास केला आणि सुमारे ११ हजार ओव्यांत तारणाची कथा रचली. १६१६ साली रायतूर येथे ती रोमन लिपीत छापली गेली. १६१९ साली गोव्यातच फादर प्रभूघरी गेले. गोव्याचे भाविक पुढे कित्येक पिढ्या त्या ओव्या गात राहिले.

प्रार्थनेची भाषा हिरावली की श्रद्धा पोरकी होते. एका परदेशी धर्मगुरूने आपल्यासाठी मराठी आत्मसात केली. आपल्या घरांत मात्र मुलांच्या ओठी मराठी प्रार्थना किती उरल्या आहेत? आज सायंकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत फादरांचे कृतज्ञतेने स्मरण करू या आणि मुलांकडून एक तरी प्रार्थना मराठीत म्हणवून घेऊ या.