बिदागी न घेणारा कीर्तनकार

गॅदरिंगमध्ये वाजवणं सोपं असतं. स्टेज कॉलेजचं, साऊंड कॉलेजचा आणि पब्लिकही आपलंच. खरी मजा पुढे सुरू होते. स्वतःची गाणी घेऊन अमरावतीत नाहीतर अकोल्यात शो करायचा ठरवा, की हॉलचं भाडं, साऊंडवाल्याचा ॲडव्हान्स, परवानगी, तिकीट असे प्रश्न रांगेत उभे राहतात. कसाबसा एखादा स्पॉन्सर मिळतो, तर त्याला तुमची गाणी नकोच असतात, हिट गाणी हवी असतात. पैसा त्याचा, मग यादीही त्याचीच.

दोस्तांनो, तुमच्याच मातीतल्या एका माणसाने हे प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षं अंगावर घेतले. तुमच्या मार्कशीटवर, विद्यापीठाच्या नावात, तो रोज तुमच्यासमोर असतो. संत गाडगेबाबा. आपण त्यांना खराट्यासोबत ओळखतो. पण ते वऱ्हाडातले फार मोठे लाइव्ह कलाकारही होते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. घर परिटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला भावाकडे आली. तिथे डेबूने गुरं राखली, शेती केली. शाळा नाहीच. भजनाचा नाद मात्र तिथेच लागला. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्याने डोळ्यांनी पाहिली. दारू, कर्ज, अडाणीपण या तीन गोष्टी त्याला कुठल्या पुस्तकातून कळल्या नव्हत्या. पुढे कीर्तनात तो याच गोष्टी बोलला, म्हणूनच समोरच्याला त्या आपल्या वाटल्या.

१ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या २९व्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात मातीचं गाडगं. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव ठेवलं.

आता त्यांच्या शोकडे बघा. हॉल नव्हता, त्यामुळे भाडंही नव्हतं. देवळासमोरचं पटांगण, नदीचं वाळवंट, यात्रेचं मैदान, जिथे माणसं आधीच जमलेली असायची तिथे ते जात. वऱ्हाडात ऋणमोचनची यात्रा, तिकडे पंढरपूरची वारी. जाहिरात? गावात शिरले की खराटा हातात घ्यायचा आणि रस्ते झाडायला लागायचं. चिंध्या घातलेला हा कोण बाप्पा आपलं गाव झाडतोय, म्हणून लोक बघत उभे राहायचे. संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला की सगळं गाव समोर.

कीर्तनाची रीतही वेगळी. साग्रसंगीत कीर्तनात बुवा बोलतात आणि लोक माना डोलावतात. गाडगेबाबा प्रश्न विचारायचे, तेही अस्सल वऱ्हाडीत. देव नवसाला बकरं मागतो का, कर्ज काढून दिवस घालायचे कशाला, पोरगं शाळेत का नाही. उत्तर लोकांनीच द्यायचं, मोठ्यानं. मधेच गोपाळाच्या नावाचा गजर, तोही सगळ्यांनी मिळून. पुढच्यांचं उत्तर मागच्यांपर्यंत पोचायचं. थोडक्यात, कोरस समोर बसलेला असायचा. आणि त्यात जातीप्रमाणे वेगळ्या रांगा त्यांना चालत नसत. त्या काळात नुसतं एवढंसुद्धा कार्यक्रम उधळायला पुरेसं होतं.

मग हे सगळं त्यांना बोलता कसं आलं? समोर सावकार बसलेला, पाटील बसलेला, आणि हा माणूस सावकारीवरच बोलतोय. याचं उत्तर पैशात आहे. कीर्तनकाराला बिदागी द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. बाबा ती घेत नसत. यजमानाच्या घरी पंगतीलाही बसत नसत. गाडगं घेऊन दारोदार भाकर मागायची आणि जे पडेल ते खायचं. पाया पडायला गर्दी होण्याआधी तिथून सटकायचं. ज्याचं काही खाल्लंच नाही, त्याची मर्जी सांभाळायची गरजच काय? कार्यक्रमात काय घ्यायचं हे शेवटपर्यंत त्यांनीच ठरवलं.

म्हणजे त्यांना पैशाचं वावडं होतं असं समजू नका. ऋणमोचनला पूर्णा नदीवरचा घाट, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, आळंदी, देहूच्या धर्मशाळा, हे सगळं देणग्यांतूनच उभं राहिलं. फक्त ते पैसे कामाकडे गेले, त्यांच्या हातात थांबले नाहीत. धर्मशाळा बांधायच्या, विश्वस्तांच्या ताब्यात द्यायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं. स्वतःच्या नातेवाइकांनाही त्यात हक्क ठेवला नाही.

इथे थोडं थांबा, कारण या स्वातंत्र्याची किंमत एकट्या बाबांनी मोजली नाही. घरी बायको कुंताबाई होत्या, आई होती, लेकरं होती. नवरा हजारो लोकांचा झाला, पण घरच्यांच्या वाट्याला मूर्तिजापूरला झोपडीतलं राहणं आलं. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा गेला. ती बातमी बाबांपर्यंत पोचली तेव्हा ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. यातलं मोठेपण आपण नेहमी ऐकतो. कुंताबाईंवर त्या दिवशी काय गुजरलं असेल, याचाही विचार करून बघा.

१९५६ च्या डिसेंबरात, आजारी असताना, अमरावतीकडे येत होते. वलगावजवळ पेढी नदीपाशी, २० डिसेंबरला, वाटेतच त्यांनी प्राण सोडला. अमरावतीत आज जिथे गाडगेनगर आहे, तिथे त्यांची समाधी आहे. अखेरच्या काळात मुंबईत वांद्र्याला केलेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. हेडफोन लावून एकदा ऐकाच. गळा काही गोड नाही. पण प्रश्न विचारल्यावर ते किती वेळ थांबतात आणि समोरून आवाज आल्याशिवाय पुढे कसे जात नाहीत, ते बघा. स्टेजवर उभं राहणाऱ्या कोणालाही त्यातून शिकण्यासारखं आहे.

आता तुम्ही काही भाकर मागत फिरणार नाही, आणि फिरूही नये. ड्रमरला घरभाडं द्यायचं असतं, साऊंडवाल्यालाही लेकरं आहेत. त्यांचे पैसे वेळेवर द्या. पण पुढच्या शोसाठी कोणाकडे पैसे मागायला निघाल, तेव्हा आधी बँडने एकत्र बसून ठरवा, की कोणती दोन-तीन गाणी काहीही झालं तरी काढायची नाहीत. जो स्पॉन्सर तीच काढायला सांगेल त्याला नमस्कार करा आणि यात्रेचं एखादं मैदान शोधा. वऱ्हाडात त्यांची कमी नाही.