बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

इंग्लंडमधल्या मराठी माणसांना ऑक्सफर्ड माहीत असतं, पण त्याच भागातलं वाँटेज हे छोटं गाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. मी रेडिंगला राहते, तिथून गाडीनं तासाभरात पोचता येतं. या गावात २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंनी अडीच वर्षांच्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई म्हणजे शारदा सदन आणि विधवांचं शिक्षण. नगरकडच्या आमच्या ख्रिस्ती घरात मात्र त्यांचं नाव निघायचं ते बायबलमुळे. त्यांच्या धर्मांतरावर तेव्हाही भांडणं झाली, आजही होतात. मला त्या दिवसापेक्षा त्यानंतरची वर्षं जास्त मोलाची वाटतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनं लेकीला शिकवलं. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना तोंडपाठ होते. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत देशभर पायी फिरलं. मिळालेलं दानधर्मात गेलं, उपास झाले, नद्यांची स्नानं झाली. मग दुष्काळात आधी वडील गेले, मागोमाग आई, नंतर थोरली बहीण. भाऊ श्रीनिवासबरोबर रमाबाई चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. दोन वर्षांत भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये पटकीनं तेही गेले. तेव्हा रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती, ती मनात घर करून राहिली.

इंग्लंडला त्या डॉक्टर व्हायला आल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत तिथेच संपला. वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं आपलं काम दाखवलं. समाजानं टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळत होता. या बायकांना कुणी मायेनं वागवतं, हेच रमाबाईंना नवल वाटलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्यानंतर बाप्तिस्मा झाला.

पण बाप्तिस्मा झाला म्हणून ही बाई गप्प बसली नाही! त्रैक्यावर शंका, चर्चच्या अधिकारावर शंका. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला, तो आज वाचायला मिळतो. शास्त्र मी स्वतः वाचेन, माझ्या विवेकाला पटेल तेच मानेन, हा त्यांचा हेका. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. सिस्टर्सना त्या गर्विष्ठ वाटल्या. पण जिनं लहानपणापासून मूळ ग्रंथ वाचले, तिला दुसऱ्यानं चावून दिलेला घास कसा चालावा?

पुढे अमेरिका झाली, पुस्तक झालं. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. हे सगळं करताना रमाबाईंना आतून चैन नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांना वाटायला लागलं. बायबल वाचत होत्या, प्रार्थना चालू होती, चांगलं काम तर डोंगराएवढं होतं. त्याच काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. कितीतरी वर्षं पाद्री असलेल्या या माणसाचं मन पालटलं ते स्वतःच प्रवचन देत असताना. रमाबाई थबकल्या आणि बायबल पुन्हा नव्यानं वाचायला बसल्या. साधारण १८९१ मध्ये त्यांना उमगलं, की आपण अजूनही कमावतोच आहोत. पूर्वी तीर्थ आणि उपास करून, आता सेवा करून. देवाची कृपा कमवायची नसते, जसे आहोत तसं पुढे होऊन ती घ्यायची असते. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

‘कृपा’ हा शब्द आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर, रिक्षाच्या मागे, सोसायटीच्या नावात सगळीकडे असतो, त्यामुळे तो ऐकूनसुद्धा न ऐकल्यासारखा होतो. त्यात आम्ही परदेशात आलेली माणसं. व्हिसाला पॉइंट्स, नोकरीत दरवर्षी रेटिंग, घरी फोन केला की प्रगतीचा अहवाल. फुकट काही मिळतं यावर आमचा विश्वास बसणं अवघडच. रविवारी चर्चला गेलं, रोज ट्रेनमध्ये फोनवर एक अध्याय वाचला, की मीसुद्धा मनातल्या मनात हजेरी लावून मोकळी होते. म्हणून रमाबाईंची ही आठ वर्षं मला इतकी जवळची वाटतात.

पुण्यात त्या आपल्या खोलीत दार उघडं ठेवून बायबल वाचत. मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. शहरात गदारोळ उठला, १८९३ मध्ये सल्लागार मंडळ बाजूला झालं, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग अगदीच अनाठायी होता असं मी म्हणणार नाही. पोरीबाळी ठेवताना धर्मात ढवळाढवळ होणार नाही असा भरवसा त्यांना मिळाला होता. रमाबाईंचं म्हणणं मात्र एवढंच, की माझ्या घरात मी दार लावून प्रार्थना करणार नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली केडगावला आणल्या. मुक्ती मिशन तिथे उभं राहिलं. या मुलींना अक्षरओळख झाली, पण तेव्हाचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड होतं, त्यांच्या डोक्यावरून जायचं. संस्कृतच्या पंडितेलाच ते खटकलं! पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणायला लागल्या. हे काम दीड तप चाललं. छापखाना मुक्तीतच होता. तिथल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या आणि स्वतःला वाचता येईल असं पुस्तक स्वतःच छापू लागल्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, हाताशी आलेली. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यात.