हॅरॉल्ड पामर

हॅरॉल्ड एडवर्ड पामर (६ मार्च, इ.स. १८७७, लंडन, इंग्लंड – १६ नोव्हेंबर, इ.स. १९४९; फेलब्रिज, इंग्लंड) हे इंग्रज स्वनशास्त्रज्ञ, भाषाशिक्षक आणि पाठ्यपुस्तककार होते. इंग्रजी बोलताना आवाजात होणारे चढउतार, म्हणजेच सुरावली, ही केवळ कानाने आपोआप उचलण्याची गोष्ट नसून ती नियमांनी सांगता येते आणि सरावाने शिकवता येते, हे त्यांनी इ.स. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लिश इंटोनेशन विथ सिस्टिमॅटिक एक्झरसाइझेस या ग्रंथातून दाखवले. इ.स. १९२२ ते १९३६ या काळात ते जपानमध्ये इंग्रजी अध्यापनाचे सल्लागार होते. परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

सुरुवातीचे जीवन

पामर यांचा जन्म लंडनमध्ये झाला. मात्र त्यांचे बालपण केंट परगण्यातील हाइथ या समुद्रकाठच्या गावी गेले. त्यांचे वडील तेथे एक स्थानिक वृत्तपत्र चालवीत असत. तरुणपणी पामर यांनी याच वृत्तपत्रात काम केले. त्यांनी विद्यापीठीय शिक्षण घेतले नव्हते.

इ.स. १९०२ मध्ये ते बेल्जियममधील व्हर्व्हिए या फ्रेंचभाषक औद्योगिक शहरात इंग्रजी शिकवण्यासाठी गेले. तेथील शाळेत बर्लिट्झ पद्धतीप्रमाणे शिकवले जाई. या पद्धतीत शिक्षकाने वर्गात विद्यार्थ्यांची मातृभाषा न वापरता केवळ शिकवायच्या भाषेतच बोलायचे असते. काही काळाने पामर यांनी त्याच शहरात स्वतःची भाषाशाळा काढली. आपल्या प्रौढ विद्यार्थ्यांवर त्यांनी निरनिराळ्या पद्धती वापरून पाहिल्या. त्यांची पुढील बहुतेक मते या अनुभवातून तयार झाली. इ.स. १९०७ च्या सुमारास त्यांचा आंतरराष्ट्रीय स्वनशास्त्र संघटनेशी संबंध आला आणि उच्चारांचे लेखन करणाऱ्या स्वनलिपीचा ते अध्यापनात वापर करू लागले.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. व्हर्व्हिए हे शहर जर्मनीच्या सीमेपासून जवळच आहे. पामर यांना पत्नी व मुलीसह शहर सोडून इंग्लंडला परतावे लागले आणि बारा वर्षांच्या कष्टाने उभे केलेले काम मागे राहिले.

लंडनमधील कार्य

त्या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील स्वनशास्त्र विभागाचे प्रमुख डॅनियल जोन्स होते. त्यांच्या निमंत्रणावरून पामर यांनी इ.स. १९१५ मध्ये भाषाशिक्षणाच्या पद्धतींवर सायंकालीन व्याख्याने दिली. पुढे ते या विभागात अध्यापक झाले. पदवी नसलेल्या शिक्षकाला विद्यापीठात मिळालेली ही संधी त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी ठरली. द सायंटिफिक स्टडी अँड टीचिंग ऑफ लँग्वेजेस (इ.स. १९१७), द प्रिन्सिपल्स ऑफ लँग्वेज-स्टडी (इ.स. १९२१) आणि द ओरल मेथड ऑफ टीचिंग लँग्वेजेस (इ.स. १९२१) हे त्यांचे ग्रंथ याच काळातील आहेत.

लहान मूल मातृभाषा कानाने ऐकून व अनुकरणाने शिकते; ही नैसर्गिक क्षमता मोठेपणीही नष्ट होत नाही, परंतु पुस्तकी अभ्यासामुळे ती वापराविना पडून राहते, असे पामर यांचे प्रतिपादन होते. त्यामुळे विद्यार्थ्याने आधी पुष्कळ ऐकावे, मग बोलावे आणि त्यानंतरच वाचन-लेखनाकडे वळावे, असा क्रम त्यांनी सुचवला. या क्रमात सुरावलीला आरंभापासून स्थान होते, कारण ऐकलेल्या वाक्यात शब्द आणि सूर एकत्रच असतात.

सुरावलीविषयक ग्रंथ

इंग्रजी बोलण्यातील सुरांची नोंद करण्याचा प्रयत्न जोशुआ स्टील यांनी इ.स. १७७५ मध्येच केला होता. डॅनियल जोन्स यांनी इंटोनेशन कर्व्हज (इ.स. १९०९) या पुस्तकात ध्वनिमुद्रिकांवरील भाषणे ऐकून त्यांतील सुरांच्या रेषा संगीतलेखनाच्या पट्टीवर काढल्या होत्या. अशा रेषांमधून बोलणाऱ्याचा सूर कोठे चढला व कोठे उतरला हे दिसत असे. परंतु नवीन वाक्य कोणत्या सुरात म्हणावे, हे शिकणाऱ्याला त्यांवरून कळत नसे. पामर यांनी या अडचणीवर उपाय शोधला. अखंड रेषेऐवजी त्यांनी सुरांचे मोजके साचे निश्चित केले आणि ते बाणासारख्या खुणांनी थेट वाक्यात दाखवले.

पामर यांच्या मांडणीनुसार बोलणे हे लहान लहान सूरगटांत विभागलेले असते. प्रत्येक गटात एक शब्दावयव सर्वांत महत्त्वाचा असतो. त्याला त्यांनी न्यूक्लियस, म्हणजे केंद्र, असे नाव दिले. केंद्राच्या आधी येणाऱ्या भागाला हेड (शीर्ष) आणि नंतर येणाऱ्या भागाला टेल (शेपूट) म्हटले. सुराचा निर्णायक चढ किंवा उतार केंद्रावर सुरू होतो. केंद्रावरील सुरांचे त्यांनी चार मुख्य प्रकार मानले: उतरता, उंच चढता, उतरून चढणारा आणि खालून चढणारा.

हे चार सूर यस या एकाच शब्दावर वापरून पाहिल्यास त्यांतील फरक स्पष्ट होतो. उतरत्या सुरातील यस म्हणजे ठाम होकार. उंच चढत्या सुरात त्याच शब्दाचा अर्थ हो का, खरेच का, असा होतो. उतरून चढणाऱ्या सुरात हो, पण काही अडचण आहे, असे सूचित होते. खालून चढणाऱ्या सुरात, ऐकतो आहे, पुढे सांगा, असा भाव असतो. शब्दकोशात या चारही अर्थांसाठी एकच नोंद असते.

केंद्राची जागा बदलल्यानेही अर्थ बदलतो. आय सॉ हिम यस्टर्डे या वाक्यात केंद्र आय या शब्दावर असल्यास मीच त्याला काल पाहिले असा, हिम या शब्दावर असल्यास मी त्यालाच काल पाहिले असा, तर यस्टर्डे या शब्दावर असल्यास मी त्याला कालच पाहिले असा अर्थ होतो. मराठीत हे काम बऱ्याच अंशी च, तर, ना, का यांसारखी अव्यये करतात. इंग्रजीत ते मुख्यत्वे आघात व सूर यांवर सोपवलेले असते. त्यामुळे प्रत्येक शब्दाचा उच्चार बिनचूक असूनही सूर चुकल्यास बोलणाऱ्याचा हेतू वेगळाच समजला जाऊ शकतो. साधी विनंती हुकमासारखी वाटते किंवा विचारपूस उलटतपासणीसारखी ऐकू येते.

ग्रंथाच्या शीर्षकातच पद्धतशीर सरावाचा उल्लेख आहे. एका साच्यात बसणारी अनेक वाक्ये ओळीने म्हणणे आणि एकच वाक्य वेगवेगळ्या साच्यांत म्हणून अर्थातील बदल ओळखणे, या दोन्ही अंगांनी विद्यार्थ्याचा कान व आवाज तयार व्हावा, ही त्यामागील कल्पना होती. ए ग्रॅमर ऑफ स्पोकन इंग्लिश (इ.स. १९२४) या बोलीच्या व्याकरणातही पामर यांनी उदाहरणे स्वनलिपीत आणि सुरांच्या खुणांसह दिली. लिखित भाषेऐवजी बोलली जाणारी भाषा व्याकरणाचा आधार मानणारे हे सुरुवातीच्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक आहे.

जपानमधील कार्य

जपानमधील शिक्षणतज्ज्ञ सावायानागी मासातारो यांच्या निमंत्रणावरून पामर मार्च १९२२ मध्ये जपानला गेले. उद्योगपती मात्सुकाता कोजिरो यांनी या योजनेला आर्थिक साहाय्य केले होते. जपानच्या शिक्षण मंत्रालयाचे भाषाविषयक सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. इ.स. १९२३ मध्ये तोक्यो येथे इंग्रजी अध्यापन संशोधन संस्था स्थापन झाली आणि पामर तिचे संचालक झाले. त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी झालेल्या कांतो भूकंपात तोक्यो व योकोहामा शहरांचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला; तरीही संस्थेचे काम पुढे सुरू राहिले. संस्थेतर्फे नियतकालिक, पाठ्यपुस्तके व अहवाल प्रसिद्ध होत आणि दरवर्षी इंग्रजी शिक्षकांचे अधिवेशन भरत असे.

जपानी शाळांत त्या काळी इंग्रजी हा प्रामुख्याने वाचून भाषांतर करण्याचा विषय होता. उच्च शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांतही भाषांतर व व्याकरण यांवरच भर असे. वर्ग मोठे असत आणि अनेक शिक्षकांना स्वतः इंग्रजी बोलण्याचा सराव नव्हता. शिवाय जपानी भाषेत प्रश्न दर्शवण्यासाठी वाक्याच्या शेवटी का हे अव्यय जोडता येते. इंग्रजीत अनेकदा केवळ सुरानेच प्रश्न होतो, ही गोष्ट छापील पानावरून विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नसे. पामर यांनी सुरुवातीचे काही आठवडे पुस्तक बंद ठेवून केवळ तोंडी शिकवण्याचा आग्रह धरला. शिक्षकाने आज्ञा द्यावी आणि विद्यार्थ्यांनी ती कृतीने पाळावी, अशा पाठांचे इंग्लिश थ्रू ॲक्शन्स (इ.स. १९२५) हे पुस्तक त्यांनी आपली मुलगी डोरोथी हिच्यासह लिहिले.

या सुधारणांना अपेक्षित वेगाने यश आले नाही. परीक्षांचे स्वरूप कायम असल्याने बोलण्यावर खर्च केलेला वेळ वाया जाईल, अशी भीती शाळांना व पालकांना वाटत होती. पामर यांनी आपल्या भूमिकेला काही प्रमाणात मुरड घातली आणि तोंडी कामाची सांगड वाचनाशी घालणारी पाठ्यपुस्तके तयार केली. फुकुशिमा येथील माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी ही पद्धत स्थानिक गरजेनुसार बदलून वापरली. तो प्रयोग फुकुशिमा योजना या नावाने ओळखला जातो. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठाने इ.स. १९३५ मध्ये पामर यांना डॉक्टर ऑफ लिटरेचर ही पदवी दिली.

शब्दसंग्रह आणि कोशकार्य

विद्यार्थ्याने प्रथम कोणते शब्द शिकावेत, या प्रश्नावरही पामर यांनी जपानमध्ये संशोधन केले. इ.स. १९३४ मध्ये न्यू यॉर्क येथे कार्नेगी कॉर्पोरेशनच्या साहाय्याने भरलेल्या परिषदेत ते सहभागी झाले. बंगालमध्ये ढाका येथे इंग्रजी वाचनाच्या अध्यापनावर काम केलेले मायकेल वेस्ट हेही या परिषदेत होते. या कामातून पुढे वेस्ट यांची जनरल सर्व्हिस लिस्ट (इ.स. १९५३) ही शब्दसूची तयार झाली. पामर यांच्या संस्थेतील सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी तोक्यो येथे इ.स. १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेला कोश नंतर ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी या नावाने भारतातील विद्यार्थ्यांच्याही परिचयाचा झाला.

अखेरची वर्षे

पामर इ.स. १९३६ मध्ये इंग्लंडला परतले आणि लाँगमन्स या प्रकाशनसंस्थेचे सल्लागार म्हणून काम करू लागले. ए ग्रॅमर ऑफ इंग्लिश वर्ड्स हा त्यांचा ग्रंथ इ.स. १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मुलगा ट्रिस्ट्रम मारला गेला. इ.स. १९४४ मध्ये ब्रिटिश कौन्सिलतर्फे ते दक्षिण अमेरिकेच्या व्याख्यान दौऱ्यावर गेले; परंतु आजारपणामुळे त्यांना हा दौरा अर्धवट सोडावा लागला. १६ नोव्हेंबर, इ.स. १९४९ रोजी फेलब्रिज येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

मर्यादा आणि प्रभाव

पामर यांचे सुरावलीचे वर्णन दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षितांच्या बोलीपुरते मर्यादित होते आणि ते यंत्रांच्या मोजमापाऐवजी प्रामुख्याने त्यांच्या स्वतःच्या कानावर आधारलेले होते. शीर्षाच्या उपप्रकारांना त्यांनी दिलेली नावे शिक्षकांना क्लिष्ट वाटली आणि ती टिकली नाहीत. लिलियस आर्मस्ट्राँग व इडा वॉर्ड यांनी इ.स. १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दोनच मूलभूत सुरावली मानून विषय अधिक सोपा केला.

मात्र केंद्र, शीर्ष व शेपूट ही मांडणी कायम राहिली. रॉजर किंग्डन यांचे इ.स. १९५८ मधील आणि जे. डी. ओकॉनर व जी. एफ. अर्नोल्ड यांचे इ.स. १९६१ मधील पाठ्यपुस्तक याच परंपरेतील आहे. केंद्र या अर्थी न्यूक्लियस ही संज्ञा इंग्रजी उच्चारांच्या अभ्यासक्रमांत आजही वापरली जाते. पामर यांनी स्थापन केलेली तोक्यो येथील संस्था नाव बदलून अद्याप कार्यरत असून तिच्यातर्फे इंग्रजीच्या शिक्षकांना पामर यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.