बीडचे खासदार क्रांतिसिंह नाना पाटील : फलक कोणाचा आणि कशासाठी?

चौकाला नाव द्यायचे किंवा भिंतीवर स्मृतिफलक लावायचा ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, माणूस कोणाचा? कोणत्या जातीचा, कोणत्या तालुक्याचा, कोणत्या पक्षाचा? त्याने काय केले, हा प्रश्न मागाहून येतो. जातीजातींत दरी वाढलेल्या बीड जिल्ह्यात हा क्रम उलटा करायचा असेल, तर क्रांतिसिंह नाना पाटील यांचे आयुष्य तरुणांनी वाचले पाहिजे. १९६७ साली बीडने त्यांना लोकसभेत पाठवले होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते.

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडे मच्छिंद्र, तालुका वाळवा. तेव्हाचा सातारा जिल्हा, आजचा सांगली. शिक्षण मराठी शाळेपुरते. पुढे तलाठ्याची नोकरी लागली. शेतकऱ्याच्या घरात सरकारी नोकरी म्हणजे मोठा आधार. पण १९३० च्या कायदेभंगात त्यांनी ती सोडली आणि नंतर वारंवार तुरुंगवास भोगला. त्यांची जडणघडण सत्यशोधक विचारांत झाली होती. सावकार आणि भटशाही शेतकऱ्याला कशी नाडते, हे ते गावच्या बोलीत सांगत आणि माणसे रात्र रात्र ऐकत. ज्या जोतीरावांकडून हा विचार आला, त्यांनाच बाबासाहेबांनी आपले गुरू मानले. म्हणून ही परंपरा आपल्याला परकी नाही.

१९४२ च्या लढ्यात नाना भूमिगत झाले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले, घरादारावर जप्ती आणली. १९४३ ते १९४६ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी असे तरुण त्यात होते. न्यायदान मंडळांनी गावातले तंटे गावातच मिटवले, तुफान सेनेने गुंडांचा बंदोबस्त केला. दारूबंदी, अस्पृश्यता निवारण आणि कर्जाविना होणारी साधी लग्ने हाही कार्यक्रम होता.

याच सरकारला लोक पत्री सरकार म्हणत, कारण खबऱ्यांना आणि दरोडेखोरांना दिलेल्या कठोर शारीरिक शिक्षांच्या कथा गावोगाव पसरल्या होत्या. बुद्धाचा मार्ग मानणाऱ्याला हे सहज पटणार नाही. पटूही नये. पण फलकासाठी माणूस निवडताना न पटणारा भाग खोडून टाकला, तर उरतो तो देव्हारा.

स्वातंत्र्यानंतर अनेकजण सत्तेकडे गेले. नाना शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ साली डहाणूच्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून खासदार झाले आणि १९६७ साली बीडमधून, कम्युनिस्ट पक्षातर्फे.

बीडने असा कौल एकदाच दिला असे नाही. १९५२ साली येथून डाव्या आघाडीचे रामचंद्र परांजपे निवडून आले होते, १९७७ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. म्हणजे या जिल्ह्याच्या राजकारणाला जातीच्या बेरजेखेरीज दुसराही इतिहास आहे. तो कुठे लिहिलेला दिसत नसेल, तर तो नव्हताच असे पुढच्या पिढीला वाटेल.

आणखी एक गोष्ट. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून हजारो कोयते ऊसतोडीला निघतात. त्यातले कितीतरी सांगली, सातारा, कोल्हापूरच्या कारखान्यांवर जातात. त्यात आपल्या वस्त्यांमधली जोडपीही असतात, पाचटाच्या खोपीत वाढणारी लेकरेही असतात. कृष्णाकाठाला बीडची आठवण येते ती मजुरांसाठी. नाना मात्र त्याच मुलखातून उलट दिशेने आले, मते मागायला, आणि इथल्या कष्टकऱ्यांनी बाहेरच्या माणसाला आपला मानले. फलकावर लिहायचे असेल तर नुसते थोर स्वातंत्र्यसैनिक असे लिहून भागणार नाही. सत्यशोधक, शेतकऱ्यांचा नेता, बीडचा खासदार आणि १९६७ हे साल, एवढे तरी हवे.

नाना गेले ६ डिसेंबर १९७६ रोजी. त्या दिवशी आपण बाबासाहेबांच्या स्मृतीला वंदन करतो, म्हणून ही दुसरी स्मृती सहज मागे राहते. पुढच्या ६ डिसेंबरला बीडमध्ये अभिवादनाचा कार्यक्रम ठरवताना त्यांच्यावर एक व्याख्यान ठेवता येईल. नगरपालिकेकडे मागणी नेण्याआधी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून १९६७ च्या निवडणुकीच्या आठवणी टिपून घ्याव्या लागतील. ती माणसे आता थोडीच उरली आहेत. फलक नंतरही लागेल, त्या आठवणी मात्र नंतर मिळणार नाहीत.