दोन डाइव्ह कॉम्प्युटर वेगवेगळं का सांगतात? हा हिशेब मांडणाऱ्या जॉन हाल्डेन यांची गोष्ट

खोल पाण्यात उतरणारे बरेच स्कूबा डायव्हर दोन डाइव्ह कॉम्प्युटर वापरतात, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर, एकाच पाण्यात, तितकीच मिनिटं असतात. तरी एक दाखवतो की अजून १२ मिनिटं थांबता येईल आणि दुसरा ७ वरच अडतो. बहुतेक वेळा यातला कोणताच बिघडलेला नसतो. डायव्हरच्या शरीरात किती नायट्रोजन विरघळला आहे, हे त्यातला एकही मोजत नाही. दोघेही फक्त दाब आणि वेळ मोजतात आणि पुढचा अंदाज गणिताने काढतात. ही अंदाजाची पद्धत ज्यांनी घालून दिली, ते जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरात झाला. तिथेच १८८४ मध्ये ते वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले, पण दवाखाना थाटण्याऐवजी हवेच्या मागे लागले. डंडी शहरातल्या दाटीवाटीच्या घरांमधली हवा त्यांनी तपासली, गटारांमधलीही तपासली. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं गेली. त्यातली बहुतेक स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेली, हे हाल्डेन यांनी मृतदेह पाहून दाखवून दिलं. खाणीत पिंजऱ्यातले छोटे पक्षी नेण्याची सूचना त्यांचीच. हा वायू त्यांनी स्वतःही हुंगून पाहिला होता, रक्तातलं निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन त्याने व्यापेपर्यंत. असल्या प्रयोगांत दुसऱ्याच्या आधी स्वतःला बसवायची त्यांची रीतच होती.

पाण्याचा प्रश्न त्यांच्याकडे ब्रिटिश नौदलाकडून आला. खोलवर गेलेले पाणबुडे वर आले की सांधे धरायचे, काहींचे पाय लुळे पडायचे, काही दगावायचे. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन, दाब झपाट्याने उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तेच. हे कारण तोवर माहीत झालं होतं. किती वेगाने वर यायचं, याचं उत्तर मात्र नव्हतं.

हाल्डेन यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी टाकीत बकऱ्या ठेवून दाब चढवला आणि उतरवला. त्रास झाला की बकरी पुढचा पाय उचलून धरायची, तीच खूण. यातून एक गोष्ट हाती लागली: एकूण दाब निम्म्यावर आला, तरी सहसा अपाय होत नाही. म्हणजे ३० मीटरवर, जिथे समुद्रात दाब वातावरणाच्या चौपट असतो, तिथून १० मीटरपर्यंत बऱ्यापैकी लवकर यावं आणि मग टप्प्याटप्प्याने थांबत वर यावं. तोवरची पद्धत संथपणे, एकाच गतीने वर येण्याची होती.

१९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ स्पँकर या नौकेवरून याची चाचणी झाली. डॅमंट आणि कॅटो हे दोन नौदल अधिकारी २१० फुटांवर जाऊन सुखरूप परतले. हाल्डेन यांचा १३ वर्षांचा मुलगा जॅकही तिथे पाण्यात उतरला होता, मोठ्या माणसाच्या मापाच्या पोशाखात. पोशाखात पाणी शिरलं, पण पोरगं वर आलं. आजच्या पालकांना हे ऐकवणार नाही, पण त्या घरात ते वेगळं वाटलं नसावं.

१९०८ मध्ये हाल्डेन, बॉयकॉट आणि डॅमंट यांनी तक्त्यांसह निबंध छापला. सगळं शरीर एकाच गतीने नायट्रोजन घेत नाही, म्हणून त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे कल्पिले. एक ५ मिनिटांत अर्धा भरतो, पुढचे १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांत. यातला कोणताही कप्पा म्हणजे अमुक एक अवयव नव्हे. ती हिशेबाची सोय होती आणि आजही आहे. पुढे झुरिकच्या ब्युलमन यांनी कप्पे १६ केले. काही कंपन्या बुडबुड्यांच्या वाढीचं वेगळं गणित वापरतात. शिवाय प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये सावधगिरी कमी-जास्त करायची सोय असते. दोन यंत्रांचं जमत नाही, ते मुख्यतः इथे.

बाकीची कारणं साधी असतात. एकावर हवा आणि दुसऱ्यावर नायट्रॉक्स निवडलेलं राहतं. एकावर खारं पाणी, दुसऱ्यावर गोडं असतं. मग खऱ्या ३० मीटरलाही एक २९ च्या आसपास दाखवतो. सगळ्यात धोक्याचं म्हणजे, सकाळच्या डाइव्हला एक कॉम्प्युटर बोटीवरच राहिलेला असतो. दुपारी त्याच्या लेखी शरीर कोरं असतं आणि तो उदार होतो. अशा कॉम्प्युटरचं त्या दिवशी ऐकू नये. दोन्ही सुरुवातीपासून बरोबर असतील, तर जो आधी वर यायला किंवा जास्त थांबायला सांगतो, त्याचं ऐकावं, टाकीतला वायू पुरत असेल तोवर. कॉम्प्युटर जोडीदाराशी अदलाबदल करण्याचा तर विचारही नको.

उंचीचा मुद्दा बुलढाणेकरांच्या जवळचा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं हे शहर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच. इथे हवेचा दाब सुमारे ७ टक्के कमी. समुद्रात दाब दुप्पट व्हायला १० मीटर जावं लागतं. येळगावच्या धरणासारख्या इथल्या गोड्या पाण्यात ते साडेनऊ मीटरच्या आसपासच होईल. समुद्रसपाटीवर अडकलेला कॉम्प्युटर इथे जास्त मोकळीक देईल आणि उंची ओळखणारा कमी. दोघांत फरक पडणारच.

याचंच दुसरं रूप मालवणहून परतताना दिसतं. पर्यटकांना दाखवतात ते उथळ डाइव्ह असतात, त्यात नायट्रोजन थोडाच साठतो. पण तारकर्लीला प्रशिक्षण घेऊन दोन-तीन खोल डाइव्ह केलेल्याने त्याच संध्याकाळी गाडी घाटात घालणं म्हणजे पुन्हा दाब उतरवणं. विमानप्रवासासाठी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात. विमानातल्या हवेचा दाब साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीइतका धरून हे आकडे ठरले आहेत. त्यामुळे आंबोलीमार्गे बुलढाण्याला निघणाऱ्यानेही रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावरच करावा.

हाल्डेन यांना स्वतःलाही उंचीचं कुतूहल होतं. १९११ मध्ये ते अमेरिकेतल्या पाइक्स पीक या शिखरावर अनेक आठवडे राहून श्वसन अभ्यासत होते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या तपासासाठी १९१५ मध्ये ते फ्रान्सला गेले. पंचाहत्तरीत उष्माघाताची कारणं शोधायला इराण-इराकच्या तेलक्षेत्रांत जाऊन आले आणि त्यानंतर मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला न्यूमोनियाने वारले. त्यांचा जॅक, म्हणजे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.