महाभारतातली शस्त्रे रेखाटणारा राजा

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध गावी मूळपीठ यमाईचे देऊळ एका टेकडीवर आहे. देवळाकडे जाताना निम्म्या चढावर 'श्री भवानी चित्रसंग्रहालया'ची इमारत लागते. १९३८ साली उभी राहिलेली ही वास्तू दिवसाच्या उजेडाचा विचार करून बांधलेली आहे. जुनी वस्तू पाहायची किंवा तिचे छायाचित्र घ्यायचे, तर उजेडाचे महत्त्व किती असते हे वेगळे सांगायला नको. भर उन्हात तलवारीचे पाते किंवा जुन्या बंदुकीची नळी धरली, की डोळ्यांना पांढरा चकाकता पट्टा तेवढा दिसतो. त्यावरची वेलबुट्टी आणि कारागिराची मुद्रा चकाकीत बुडून जातात. तीच वस्तू खिडकीतून येणाऱ्या मऊ उजेडात, जरा तिरकी धरली, तर प्रत्येक रेघ वाचता येते. त्यासाठी ना महागडे दिवे लागतात, ना मोठा कॅमेरा. एका लहानशा संस्थानाच्या अधिपतीने ही वास्तू उभारली, आणि त्याने उभे आयुष्य जुन्या गोष्टी लोकांना नीट दिसाव्यात याच खटपटीत घालवले.

भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातले. किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या पराक्रमामुळे ते या घराण्यात आले आणि टिकले. मराठेशाही गेली तेव्हा या थोर पदाच्या वाट्याला एक विस्कळीत संस्थान उरले. औंध आणि किन्हई साताऱ्याकडे, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ थेट विजापूरकडे. सारी मिळून बहात्तर गावे आणि सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख. आटपाडीचा भाग तर कायमचा दुष्काळी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून बी.ए. झालेल्या बाळासाहेबांना ही गादी सहजासहजी मिळाली नाही. घरातल्या तंट्यांनंतर १९०९ साली ते अधिपती झाले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

गादीवर आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९१० मध्ये, बेळगावहून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर जागा दिली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. एवढ्या एका गोष्टीवर दुसरा एखादा संस्थानिक जन्मभर समाधानी राहिला असता. बाळासाहेबांचा जीव मात्र चित्रांत होता. ते स्वतः चित्रे काढत, कीर्तने करत, आणि कथा सांगायची तर ती डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे अशी त्यांची धारणा होती. १९१६ साली त्यांचे सचित्र रामायण प्रसिद्ध झाले. चित्रकार म्हणून ते पहिल्या रांगेतले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. राजा रविवर्म्याच्या वळणाचा प्रभाव त्यांच्यावर होता, आणि पुष्कळदा त्यांची रेषा त्यांच्या कल्पनेच्या मागे पडते. तरीही त्यांना पडलेला प्रश्न रविवर्म्याच्या पुढचा होता.

तो प्रश्न असा, की अर्जुनाच्या हातात द्यायचे शस्त्र दिसायला कसे असेल? त्या काळच्या छापील चित्रांत आणि नाटकांत पांडव मोगली अंगरखे घालून उभे असत. कमरेला वाकडी तलवार, मुठीला मराठी वळण, पाठीवर गेंड्याच्या कातड्याची ढाल. वस्तुतः वक्र पात्याची तलवार भारतात पुष्कळ नंतर, मध्य आशियातून आलेल्या लढवय्यांबरोबर रुळली. सांची, भारहुतच्या शिल्पांत दिसतात ती रुंद सरळ पाती, माणसाच्या उंचीला येणारी धनुष्ये, पागोट्यांच्या भरदार गाठी आणि उघड्या अंगावरची उत्तरीये. ज्याच्या वाड्यात पिढीजात शस्त्रे होती, त्याला ती पाहून पांडवांच्या हातात देण्याचा मोह सहज झाला असता. बाळासाहेबांनी दगडाकडे पाहण्याचे ठरवले.

१९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे त्यांनी महाभारताच्या सचित्र, चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे अभिवचन दिले. संस्थानाचे तुटपुंजे उत्पन्न पाहता ही रक्कम फार मोठी होती. पुढे विष्णु सीताराम सुकथनकरांसारखा संपादक त्या कामाला लाभला आणि १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले. देशभरच्या हस्तलिखितांतून मूळ पाठ निवडणारे हे काम जगभरच्या विद्वानांनी वाखाणले. आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र संपादकाच्या नावाखाली आणखी एक नाव छापलेले असे, ते प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणाऱ्या औंधच्या अधिपतीचे. आज अभ्यासक पाठभेदांसाठी ते ग्रंथ उघडतात आणि चित्रांवरून नजर फिरवून पुढे जातात. हे काहीसे स्वाभाविक आहे, पण अन्यायाचेही आहे. सुकथनकर जी शिस्त शब्दांना लावत होते, तीच शिस्त पोशाखाला, दागिन्याला आणि शस्त्राला लावण्याची एका हौशी चित्रकाराची धडपड त्या पानांवर आहे. जे हस्तलिखितात नाही ते पाठात घ्यायचे नाही; तसे जे प्राचीन शिल्पात नाही ते चित्रात घ्यायचे नाही.

प्राचीन नमुने पाहायचे तर लेणी गाठणे आले. वेरूळवरचे त्यांचे पुस्तक १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावरचे १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तके सामान्य प्रवाशाने हाती धरून लेण्यांतून हिंडावे अशा बेताची आहेत. त्याच सुमारास निजाम सरकारच्या वतीने गुलाम यझदानींचे अजिंठ्यावरचे भव्य खंड निघू लागले होते. १९३० साली पहिला भाग आला आणि शेवटचा यायला १९५५ उजाडले. त्या सुंदर ग्रंथांची किंमत ग्रंथालयांनाच परवडणारी होती. औंधकरांना वाचक हवा होता तो एस.टी.पूर्व काळातल्या बैलगाडीने फर्दापूरला उतरणारा.

अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्याचा इतिहास दुर्दैवाने भरलेला आहे. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या नकलांपैकीही अनेक पुढे लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत जळाल्या. कॅमेऱ्याचीही तिथे पंचाईत होती. त्या काळच्या साध्या काचपट्ट्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. अजिंठ्याचा गेरू छायाचित्रात काळा उमटे आणि निळा पांढुरका होऊन जाई. त्यात गुहेतला अंधार. अशा वेळी आरसे आणि पांढरी कापडे धरून बाहेरचे ऊन आत वळवायचे, हा जुना साधा उपाय. वेरूळला अडचण कमी. तिथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा दुपार कलण्याची वाट पाहिली की ऊन आपोआप आत शिरते आणि शिल्पांना उठाव येतो. जुन्या वस्तूची प्रतिमा घेणाऱ्याने आपली घाई बाजूला ठेवून वस्तूच्या वेळेप्रमाणे वागावे, हे ज्याला पटले त्याला साध्या साधनांतही चांगले फळ मिळते.

बाळासाहेबांचे नाव महाराष्ट्राबाहेर गेले ते मात्र चित्रांमुळे नव्हे, सूर्यनमस्कारांमुळे. १९२८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९३८ मध्ये लंडनहून लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेली आवृत्ती आली. त्यातही जोर होता तो प्रत्यक्ष दाखवण्यावर. एकेक स्थिती छायाचित्रांतून अशी मांडलेली, की गुरूशिवायही वाचकाने ती करून पाहावी. संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सुरू झाले. काही पालकांना ती सक्ती जाचक वाटली असल्यास नवल नाही. अधिपतींचा उत्साह कधीकधी प्रजेच्या अंगावर येत असे.

१९३८ च्या अखेरीस संग्रहालय उभे राहत असताना त्यांनी दुसरे मोठे पाऊल उचलले. राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी महात्मा गांधींशी विचारविनिमय करून घटना तयार केली, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. ग्रामपंचायतींच्या पायावर उभे असलेले हे राज्य ब्रिटिश रेसिडेंटला पसंत नव्हते आणि शेजारच्या संस्थानिकांनाही अडचणीचे वाटत होते. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत सुरू झाली. तिला भिंती नव्हत्या. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी कुटुंबासह शेती करत. पुढे १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटातून ही कल्पना देशाला ठाऊक झाली. त्याचे कथाकार ग. दि. माडगूळकर याच औंध संस्थानातल्या माडगूळचे. ४२ च्या चळवळीनंतर कुंडल हे प्रतिसरकारचे केंद्र झाले आणि इंग्रजी मुलखातून निसटलेल्या कार्यकर्त्यांना संस्थानची हद्द आडोशाला मिळाली.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. अधिकार त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच सोडला होता, तेव्हा त्या दिवशी सोडण्यासारखे फारसे उरले नव्हते. संग्रहाचे काय होणार, हा प्रश्न मात्र खराच होता. देशभर अनेक संस्थानिकांची शस्त्रागारे आणि चित्रशाळा त्या वर्षांत फुटल्या. कट्यारी, जडावाच्या बंदुका, लघुचित्रे लिलावांच्या वाटेने परदेशी गेली आणि त्यांची साधी यादीही मागे राहिली नाही. औंधचा संग्रह औंधातच राहिला. रविवर्म्याची तैलचित्रे, पहाडी शैलीतील लघुचित्रे, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम, युरोपातून आणलेल्या मूर्ती, हेन्री मूरचे माता आणि बालक हे दगडी शिल्प, हे सारे टेकडीवरच्या त्याच दालनांत आहे. संग्रहालयाचा कारभार आता राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे.

बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी निवर्तले. महाभारताची आवृत्ती त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९६६ मध्ये पूर्ण झाली. सुकथनकर तर १९४३ मध्येच गेले होते. आवृत्तीचे शेवटचे पान दोघांपैकी कोणीच पाहिले नाही. पुण्यात ते जाड खंड आजही काढून दिले जातात, आणि विराटपर्वाच्या खंडात पांडव आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपवतात त्या कथेच्या शेजारी औंधच्या अधिपतींचे नाव छापलेले आहे.