बुद्धिबळपटू सुलतानखान

मधल्या सुटीत आमच्या शाळेच्या व्हरांड्यात बुद्धिबळाचा पट मांडला गेला, की खेळास आरंभ होण्यापूर्वी बहुधा एक वाद उपस्थित होतो. प्याद्याने पहिल्या चालीत दोन घरे जावे की एकच? ज्यांनी हा खेळ गावाकडे, आजोबांच्या मांडीशी बसून शिकला, त्यांचे प्यादे एकच घर जाते. ज्यांनी तो स्पर्धांतून शिकला, त्यांचे प्यादे खुशाल दोन घरे उडी घेते. अखेर ज्याचा पट असेल त्याचे नियम, असा निवाडा होतो. हा वाद कानी पडला म्हणजे आम्हांस एका थोर खेळाडूचे स्मरण होते. ऐन विशीत एका रीतीचा खेळ सोडून दुसऱ्या रीतीचा खेळ आत्मसात करणारे आणि अवघ्या पाच वर्षांत युरोपातील धुरंधरांस नमविणारे ते खेळाडू म्हणजे सुलतानखान होत.

सुलतानखान यांचा जन्म १९०३ च्या सुमारास पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. सरगोध्याच्या बाजूचा हा प्रदेश आज पाकिस्तानात आहे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी वडिलांकडून बुद्धिबळाचे धडे घेतले. तो खेळ अर्थातच देशी रीतीचा होता. त्या रीतीत प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरकते. राजाला किल्लेकोट करता येत नाही. त्याऐवजी एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल मिळते. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले, तर ज्या मोहऱ्याचे ते घर असेल, तेच मोहरे होते. असा खेळ संथपणे रंगतो. त्यात पहिल्या दहा चालींत कोणी कोणावर तुटून पडत नाही. धीर धरणारा आणि शेवटपर्यंत सावध राहणारा जिंकतो. हे गुण सुलतानखानांच्या अंगी पुरते मुरले. एकविशीत पंजाबातील अग्रगण्य खेळाडू म्हणून त्यांची ख्याती झाली होती.

त्या भागातील बडे जमीनदार सर उमर हयातखान टिवाणा हे या खेळाचे मोठे शौकीन होते. त्यांनी सुलतानखानांस आपल्या आश्रयास घेतले व पाश्चात्य नियमांचा परिचय करून दिला. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा झाली. तीत नऊ डावांपैकी आठ जिंकून व एक बरोबरीत सोडवून सुलतानखान विजयी झाले. पुढील वर्षी सर उमर यांची लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर नेमणूक झाली आणि १९२९ च्या वसंत ऋतूत सुलतानखानही विलायतेस पोहोचले.

तेथील आरंभ मात्र उत्साहवर्धक नव्हता. त्यांच्या सरावासाठी मुद्दाम एक छोटी स्पर्धा भरविण्यात आली. तीत ते तळाशी राहिले. डावाच्या आरंभीच्या चालींचा युरोपात शतकानुशतके अभ्यास झाला होता, त्यावर ग्रंथ लिहिले गेले होते. सुलतानखानांच्या गाठीशी त्यांतील काहीच नव्हते. त्यात तेथील थंडी त्यांस सोसवत नसे. घशाच्या व सर्दीच्या विकाराने ते वरचेवर बेजार होत. परंतु विंटर व येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांच्याकडून सराव करवून घेतला. विद्यार्थिमित्रांनो, खेळाडूच्या मनाचा हा मोठेपणा विसरण्याजोगा नाही. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी तळाशी राहिलेल्या सुलतानखानांनी ती जिंकली!

हा केवळ दैवाचा कौल नव्हता, हे पुढे दिसून आले. १९३० साली बेल्जियममधील लीएज येथील स्पर्धेत तार्ताकोव्हरच्या खालोखाल त्यांचा दुसरा क्रमांक लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांची गाठ क्यूबाच्या होसे राऊल कापाब्लांका यांच्याशी पडली. कापाब्लांका १९२१ ते १९२७ पर्यंत जगज्जेते होते. त्यांच्याविरुद्ध एक डाव जिंकणे ही जन्माची मिळकत समजली जाई. सुलतानखानांनी घाई केली नाही. साठाहून अधिक चालींपर्यंत त्यांनी पकड हळूहळू आवळीत नेली आणि अखेर माजी जगज्जेत्यास हार मानावी लागली. या स्पर्धेत ते तिसरे आले. त्यांच्यापुढे फक्त ऑयवे आणि कापाब्लांका हे दोघे होते. १९३१ च्या आरंभी बारा डावांच्या सामन्यात त्यांनी तार्ताकोव्हरला साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी हरविले. १९३२ व १९३३ साली त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा मिळविले. चार वेळा खेळून तीनदा जिंकणे, असा त्यांचा त्या स्पर्धेतील हिशेब आहे.

त्या काळातील एक विलक्षण योगायोग आम्हां सुरतकरांच्या मनात भरल्यावाचून राहत नाही. ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या सुरतेच्या दक्षिणेस, दांडीच्या किनाऱ्यावर, महात्माजींनी मूठभर मीठ उचलून ब्रिटिश कायदा मोडला. आणि त्याच वर्षाच्या जुलैत, हँबर्गच्या ऑलिंपियाडमध्ये, इंग्लंडच्या संघाच्या पहिल्या पटावर एक हिंदी मनुष्य बसला होता! १९३१ साली प्राग येथे व १९३३ साली फोकस्टन येथेही तो मान त्यांच्याकडेच होता. प्रागमध्ये त्यांनी फ्लोर व रुबिनस्टाईन यांना पराभूत केले आणि तत्कालीन जगज्जेते आलेखिन यांस बरोबरीत रोखले. ज्या देशाची सत्ता आपल्यावर चालत होती, त्याला आपल्या संघासाठी याच्याहून सरस खेळाडू सापडला नाही.

सर उमर यांच्याच घरात फातिमा नावाची एक तरुणी होती. तिनेही हा खेळ शिकून घेतला आणि १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद पटकाविले. अकरा डावांत दहा विजय व एक बरोबरी, असा तिचा पराक्रम होता. आमच्या भगिनींनी हे नाव अवश्य ध्यानात ठेवावे.

काही पाश्चात्य लेखकांनी सुलतानखानांचे वर्णन एका धनिकाचा निरक्षर सेवक असे केले आहे. ते वर्णन वर्षानुवर्षे पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिले. त्यांच्या वंशजांस ते मान्य नाही, आणि त्यांनी अलीकडे त्याचा जाहीर प्रतिवाद केला आहे. इतके मात्र खरे की, त्यांचे विलायतेतील वास्तव्य आश्रयदात्याच्या इच्छेवर अवलंबून होते. १९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले. त्यांच्याबरोबर सुलतानखानही परतले. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास होते, आणि या खेळात ते भराचे वय समजले जाते.

परतल्यावरचा एक सामना मराठी वाचकांस विशेष जवळचा वाटेल. १९३५ साली महाराष्ट्राचे नामांकित खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचे दहा डाव झाले. नऊ सुलतानखानांनी जिंकले. एक बरोबरीत सुटला. खाडिलकर हे काही सामान्य खेळाडू नव्हते. तेव्हा त्या एका बरोबरीचेही आम्हांस कौतुक वाटते. यानंतर सुलतानखानांचे नाव मोठ्या स्पर्धांतून दिसेनासे झाले. सरगोध्याकडे आपल्या शेतीवाडीत त्यांनी उर्वरित आयुष्य घालविले आणि २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

१९५० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने ग्रँडमास्टर हा किताब रीतसर देण्यास आरंभ केला. पहिल्या २७ जणांत, स्पर्धांतून केव्हाच निवृत्त झालेल्या रुबिनस्टाईन यांचेही नाव होते, आणि ते योग्यच होते. परंतु त्या रुबिनस्टाईनला हरविणाऱ्या सुलतानखानांचे नाव त्या यादीत नव्हते. ही उणीव भरून निघण्यास २०२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी संघटनेने त्यांस मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला. तो स्वीकारण्यास ते हयात नव्हते. त्यांच्या मृत्यूस अठ्ठावन्न वर्षे होत आली होती.

त्यांच्या मुलाने सांगितलेली एक आठवण आमच्या मनातून जात नाही. सुलतानखानांनी आपल्या मुलांना बुद्धिबळ शिकविले नाही; आयुष्यात याहून उपयोगी असे काही करावे, असे ते त्यांस सांगत. हे बोल विरक्तीचे होते की अंतरीच्या खंतीचे, याचा निर्णय आम्ही कोण करणार? ज्या खेळाने त्यांस कीर्ती दिली, त्यानेच त्यांस आपल्या पायावर उभे राहण्याचे साधन दिले नाही, हे त्यांनी स्वतः अनुभविले होते. गुण असूनही संधीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणे, हे दुःख पटावरील पराभवाहून मोठे आहे.

तथापि किताब उशिरा आला म्हणून डाव जुने झाले नाहीत. हेस्टिंग्जचा तो डाव आजही कोणासही पटावर मांडून चालीचाली पाहता येतो. आम्ही तो एकदा व्हरांड्यात मांडला होता. प्याद्याने एक घर जावे की दोन, यावरून भांडणारे आम्ही सारे त्या दिवशी घंटा होईपर्यंत त्या पटाभोवती गुपचूप बसून होतो.